गिल आजोबांच्या अंगणातली वायर

पहिल्यांदा खटकलं ते एवढंच, की राउटरचे चारही दिवे हिरवे होते.

नेट गेलं की एखादा दिवा लाल होतो, निदान लुकलुकायला तरी लागतो. येरिनच्या घरी तसलं काही नव्हतं. दिवे हिरवेगार, आणि इकडे पडद्यावर तिचा खेळाडू भिंतीला नाक लावून जागच्या जागी पळतोय. रोज. संध्याकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी.

हे आम्हाला प्यो काकांनी सांगितलं. डिसेंबरातला गुरुवार होता. सहालाच मिट्ट काळोख झाला होता आणि खिंडीत बर्फ साचल्यामुळे आम्हाला घरी सोडणारी गाडी अडकली होती. सोलपासून दूर, डोंगरातल्या सांगजू गावात, आमच्या इंटरनेट कंपनीच्या शाखेत, मागच्या खोलीत, आम्ही तिघंच उरलो होतो. काका, जे चौतीस वर्षं लोकांच्या घरी तारा ओढतायत. ग्यु-ते, जो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून तक्रारींचे फोन घेतो आणि कशालाही हसतो. आणि मी. हीटरवर रताळी ठेवली होती. त्या दिवशी मी एका बाईच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि तेच रडगाणं गात होते, की म्हणे रोज ठरल्या वेळेलाच नेट जातं, असं कुठे असतं का...

काकांचा रताळं सोलणारा हात थांबला.

"किती वाजता जातं म्हणाली?"

"साडेसहाला."

"नक्की साडेसहा? आठ-दहा नाही ना?"

"नाही हो. साडेसहा."

"मग मायक्रोवेव्ह असेल," ते म्हणाले आणि पुन्हा सोलायला लागले. पण रताळं त्यांनी खाल्लं नाही. ते तसंच हातात धरून पुढचं सगळं सांगितलं. मी घरी येऊन, घरातले सगळे दिवे लावून, आठवेल तसं त्यांच्याच शब्दांत उतरवून काढलं आहे.

*

तुम्ही दोघं दिवसभर लोकांना सांगता ना, बंद करा, दहा आकडे मोजा, पुन्हा चालू करा? त्या पोरीने ते इतक्यांदा केलं होतं की राउटरचं बटण सैल पडलं होतं. खरंच. मी बघितलंय.

येरिन तिचं नाव. चोवीस वर्षांची. देजॉन शहरात, अपार्टमेंटात वाढलेली, कॉलेज झालेलं. इकडे सकाळी सहकारी शेडमध्ये पर्सिमनची फळं सोलून सुकवायच्या कामाला होती, आणि मार्चपासून गिल आजोबांच्या घरी भाड्याने राहत होती. गिल आजोबांचं घर तुम्हाला माहीत नसेल. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर शेवटून दुसरं. मोठं घर पलीकडे, मध्ये बारा पावलांचं अंगण, आणि अलीकडे फाटकाला लागून एक खोली. ती हिची. राउटर मोठ्या घरात. वाय-फाय अंगण ओलांडून हिच्याकडे यायचं. अंगणात मधोमध, दोन हुकांना बांधलेली, कपडे वाळत घालायची दोरी. बस, एवढंच ते घर.

आणि पोरगी खेळायची. हसू नकोस ग्यु-ते, टाइमपास म्हणून नाही. पाच-पाच जणींचे सामने असतात ते. सोलच्या एका मुलींच्या संघाची निवड चालू होती, आणि हिने कुठेतरी हजारभर मुलींमधून शेवटच्या दहांत नाव आणलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून पाच सामने. नियम कडक. आपल्या खोलीतूनच खेळायचं, कॅमेरा चालू ठेवून. नेटकॅफेत जाऊन बसलात तर बाद. फोनच्या नेटवर खेळलात तर बाद. आणि पाच सामन्यांत मिळून तीनदा लाईन तुटली, तर काही न विचारता नाव कट.

हिची दोनदा तुटली होती. दोन्ही वेळा आठ-दहाला.

आईने वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली होती. नाही जमलं तर देजॉनला परत, मामाच्या चष्म्याच्या दुकानात. मला म्हणाली, "काका, मामाच्या दुकानात बसायला माझी ना नाही हो. पण मी वाईट खेळले म्हणून बसेन. तुमच्या राउटरच्या डब्यामुळे नाही बसणार."

मी तीनदा गेलो. तीनही वेळा दिवसा. तीनही वेळा सगळं झकास. डबा बदलला, वाय-फायचं चॅनल बदललं, डबा उचलून कपाटावर ठेवला, खिडकीत ठेवला. आजोबांचा तांदळाचा मोठा धातूचा डबा सरकवला. ते म्हणाले, "उद्या मलाही सरकवाल." मोजून बघितलं तर वेग असा, की त्या खोलीत बसून अख्ख्या गल्लीने खेळावं. आणि मी फाटकाबाहेर पडून गाडी सुरू करेपर्यंत हिचा फोन नाही, पण रात्री सव्वाआठला हमखास. "गेलं." एवढंच बोलायची. नंतर नंतर तर नुसतीच दात-ओठ खाल्ल्यासारखा श्वास सोडायची आणि फोन ठेवायची.

चौथ्यांदा गेलो तेव्हा दारातच म्हणाली, "काका, तुम्ही इथेच राहायला का येत नाही? तुम्ही दिसलात की ते वळण लागल्यासारखं वागतं. मी अंथरूण घालते."

"संध्याकाळी येतो," म्हटलं. "आठला येतो. बघू तुझं भूत."

हो, हेच शब्द. मीच म्हटलं.

तो गुरुवार होता, नऊ तारीख. मी आठला पोचलो. फोनवर ते सिग्नल मोजायचं चालू केलं आणि मोठ्या घराच्या पायरीपासून हिच्या खोलीकडे चालायला लागलो. एक पाऊल, दोन, तीन. आकडा मस्त. आठ-दहा झाले. पाच पावलं, सहा...

सहाव्या पावलाला आकडा बसला. धपकन. बरोब्बर दोरीखाली.

एक पाऊल डावीकडे सरकलो. आकडा परत वर. उजवीकडे आलो. खाली. पुढे गेलो, मागे आलो, चपलेने जमिनीवर रेघा ओढल्या. शेवटी रेघा बघितल्या तर जागा केवढी? एवढीशी. माझे दोन खांदे मावतील एवढी. दोरीवर काही नव्हतं. एक चिमटा होता फक्त, लाकडी.

"काय आहे?" ती दारातून म्हणाली.

आता मी तंत्राचा माणूस. मी तिला समजावलं, की माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि वाय-फायला पाणी चालत नाही. भिंत परवडली, माणूस नाही. मध्ये कोणी उभं राहिलं की अगदी असंच होतं.

"पण मध्ये कोणी नाहीये."

"तेच तर," म्हटलं. आणि हसलो.

मी तिथे हसलो, हे लक्षात ठेवा. त्या रेघांच्या आत उभा राहून.

सरक गं पोरी हीटरजवळ, कशाला एवढी आखडून बसलीस. अजून काहीच झालेलं नाही.

तर शेवटचा सामना मंगळवारी. चौदा नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसात. गेल्या वर्षीची गोष्ट. चांद्र पंचांगाने दहाव्या महिन्याची दुसरी तिथी. हे मला नंतर कळलं, कारण तेव्हा मी तिथी कशाला बघतोय? मी ठरवलं, आता डोकं चालवणं बस. सरळ वायर टाकायची. वायरला कोण आडवं येणार? आजोबांना फोन केला. ते बाजारात होते, मागे कोळणीचा आरडाओरडा चालला होता. म्हणाले, "काय करायचं ते करून टाक बाबा एकदाचं, ती पोर जेवत नाही. दार उघडंच आहे."

दुपारी तीनला गेलो. पांढरी चपटी वायर, वीस मीटर. राउटरला लावली, मोठ्या घराच्या खिडकीच्या फटीतून बाहेर काढली. आता अंगण कसं ओलांडायचं? जमिनीवरून टाकली तर पायात येणार. वर बघितलं तर काय, दोन्ही हुक रिकामे. दोरी नाही.

"दोरी कुठे गेली?"

"मी काढली," येरिन म्हणाली. दोरी गुंडाळून तिच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवली होती. "आजोबा सकाळी म्हणाले काढ म्हणून. संध्याकाळी त्यांच्याकडे श्राद्ध आहे. इन-होच्या आईचं."

इन-हो आजोबांचा मुलगा, आणि इन-होची आई म्हणजे आजोबांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. मी तिला ओळखत होतो, म्हणजे तिच्या घरी पहिली तार मीच ओढली होती. जाताना तिने ओंजळभर सुकी पर्सिमनं माझ्या खिशात कोंबली होती.

"काय म्हणाले आजोबा?"

"म्हणाले, गेल्या वर्षी दोरी राहून गेली. ही कामं तीच बघायची ना, मग तिच्याच पहिल्या श्राद्धाला कोणाच्या लक्षातच आलं नाही. यंदा आठवणीने काढ." मग तिने डोळे मोठे केले. "का काढतात पण? आमच्या अपार्टमेंटात दोरीच नव्हती."

का काढतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. माझी आई दर श्राद्धाला काढायची. गेलेलं माणूस त्या रात्री अंगणातून घरी येतं, आणि आडवी दोरी असली की त्याला ती ओलांडता येत नाही. तिथेच अडकतं. मी हे तिला सांगितलं. शिडीवर उभं राहून सांगितलं.

आणि सांगता सांगता, ह्या ह्या हातांनी, वायर त्याच दोन हुकांना बांधली.

काय सांगू? तेव्हा डोक्यात एकच. पोरीचा सामना. ती दोरी होती, ही वायर आहे. मी तर खूश झालो. म्हटलं, "वा, खुंट्या तयारच आहेत, एक भोकसुद्धा पाडावं लागलं नाही." तिने लावून बघितलं. असा वेग तिला जन्मात मिळाला नव्हता. उड्या मारायला लागली. मला म्हणाली, "काका, जिंकले की तुमचं नाव घेईन." मी म्हटलं, "माझं नको, वायरचं घे."

साडेपाचला अंधार पडला. आजोबा बाजारातून आले, त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलेलं, पांढरी बारीक वायर त्यांना कुठली दिसतेय? सातला इन-हो, त्याची बायको आणि मुलगी देगूहून आले. ते ताटं-वाट्यांत. चंद्र तरी असावा ना, तर नखाएवढी कोर होती, तीही सहालाच बुडाली होती.

पूर्वी श्राद्ध मध्यरात्री असायचं. इन-होला सकाळी कामावर परत जायचं, म्हणून आदल्या वर्षापासून त्यांनी वेळ बदलली होती. आठ केली होती. आठ-दहाला दार उघडायचे, तिने आत यावं म्हणून.

हं. आता लागतोय ना हिशेब? मला लागायला वर्ष लागलं.

पुढचं तिने मला सांगितलं तसं सांगतो.

सामना तीन डावांचा. पहिला हिच्या संघाने जिंकला, दुसरा हरला. तिसरा आठला सुरू झाला. वायर लोण्यासारखी चालली होती. तिच्या टेबलासमोर खिडकी, खिडकीसमोर अंगण, पलीकडे मोठं घर. आठ-दहाला मोठ्या घराचं दार उघडलं. सताड. नोव्हेंबरच्या त्या थंडीत. आतून उजेडाचा पट्टा अंगणात पडला. तिला वाटलं, धूप फार झाला असेल.

मग खेळ अडखळला.

कानात कप्तान पोरगी ओरडली, "येरिन! डावीकडे! झोपलीस का?"

"नाही गं, हे..."

"आजीबाई, हात चालवा!"

तुटला नव्हता. अडखळत होता. एक पाऊल जायचा, थांबायचा. तिने वायरचं टोक दाबून बघितलं. घट्ट. वायरवर हे होऊच शकत नाही. तिने टेबलावर मूठ आपटली. मला फोन लावला. मी कुठे होतो? मी दोन गल्ल्या पलीकडे हॉटेलात डुकराच्या मांसाच्या पट्ट्या भाजत होतो, मित्रांबरोबर. जॅकेटला वास लागू नये म्हणून ते स्टुलाच्या आत टाकतात ना, झाकण उघडून? फोन जॅकेटमध्ये. मी माझ्याच फोनवर बसलो होतो. सहा वेळा वाजला तो.

मग तिने आजोबांना लावला. म्हणजे समोरच्याच घरात. तिला वाटलं, कोणी राउटरला धक्का लावला असेल. रिंग गेली. तिला इकडे ऐकू येत होती, आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने वाजणारं ते जुनं गाणं. कोणी उचलला नाही. इन-हो नंतर म्हणाला, बाबांनी हात केला, राहू दे, आत्ता नाही. पुन्हा लावला. नाही. पुन्हा लावला. नाही.

"उचला ना," ती म्हणाली. रडकुंडीला आली होती. "कोणीतरी उचला ना!"

आणि टेबल हललं.

टेबल नाही. संगणकाचा डबा. बोटभर सरकला. खिडकीकडे. वायर मागून ओढली जात होती.

तिने वर बघितलं.

वारा नव्हता. छपराखाली टांगलेल्या पर्सिमनच्या माळा स्थिर होत्या. एकही फळ हलत नव्हतं.

वायर हलत होती.

वायर मधोमध वाकली होती. ओली रजई टाकल्यावर दोरी वाकते, तशी. खाली. आणखी खाली. मग थोडी वर. जशी कोणी दोन्ही हातांनी धरून... चाचपून बघतंय.

उजेडाच्या पट्ट्यात काही नव्हतं.

आणि पलीकडे, उघड्या दारात, गिल आजोबा बसले होते. नव्या कपड्यांत. दाराकडे तोंड करून. वाट बघत.

तिची नजर कठड्यावर गेली. गुंडाळलेली दोरी.

मग तिला कळलं.

डाव संपायला अजून दहा-बारा मिनिटं. वायर ओढून काढली की संगणकातलं टोक निघणार, लाईन तुटणार. तिसऱ्यांदा. संपलं. वर्ष संपलं, सोल संपलं, मामाचं दुकान. ती मला म्हणाली, काका, मला भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून मला राग आला होता. मार्चपासून रोज! आठ-दहा! मी डबा बदलते, चॅनल बदलते, शिव्या देते... आणि ही बाई रोज येऊन इथे उभी राहते. दार समोर. नवरा आत. सहा पावलं. आणि जाता येत नाही.

कानातलं काढून तिने टेबलावर टाकलं. बाहेर आली. अनवाणी.

हुकातून वायर काढायला हात घातला. निघेना. वीस मीटर वायर म्हणजे काय, मुठीत मावते. पण जड. भरलेल्या बादलीसारखी जड.

"माफ करा," ती म्हणाली. मग जोरात ओढली. "माफ करा, मला माहीत नव्हतं... जा ना! जा ना एकदाच्या आत!"

हुकातून वायर सुटली, आणि ओढीने संगणकातलं टोकही निसटलं.

वायर जमिनीवर पडली. आवाज नाही.

तिच्या अंगावरून काहीतरी गेलं. वारा नाही. कपड्यांच्या साबणाचा वास. ओल्या, नुकत्या पिळलेल्या कपड्यांचा.

मग... काही नाही.

ती खोलीत आली. पडद्यावर 'बाद' लिहिलेलं असणार, ते एकदा बघून संगणक बंद करू, म्हणून. तर कानातल्यातून कप्तान ओरडतेय, "येरिन! हलत का नाहीस? ये ना पुढे!"

चालू होतं. वायर बाहेर चिखलात, आणि खेळ चालू. कोपऱ्यात वाय-फायची खूण. भरलेली. आठ-तीसला. मार्चपासून पहिल्यांदा. मध्ये आता कोणी नव्हतं ना उभं. पण वायरवरून वाय-फायवर जाताना दोन-चार सेकंद तरी लाईन तुटायलाच हवी. नाही तुटली. मला विचारू नका. चौतीस वर्षं झाली, मला नाही माहीत.

काय रे? हो, जिंकली. जिंकली, निवड झाली, जानेवारीत सोलला गेली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी तेच विचारत बसशील. गोष्ट ती नाहीये.

गोष्ट फोनची आहे.

खेळायला बसता बसता तिने आजोबांचा नंबर पुन्हा दाबला. सांगायला, की वायर होती, मी काढली, आता काही आड नाही. एवढंच सांगायचं होतं. आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला आणि हात खेळाला लावले.

रिंग जायला लागली.

तेवढ्यात समोर ते सगळे ओसरीवर आले. तुमच्या घरी करतात का अजून हे? भातात चमचा खोवून ठेवतात, आणि सगळे बाहेर येतात. दार लावून घेतात. आलेल्या माणसाने निवांत जेवावं म्हणून. नऊ घास होतील इतका वेळ. मग घरातला मोठा माणूस बाहेरून तीनदा खोकतो, आणि मगच दार उघडतात.

तिने मोजले. आजोबा. इन-हो. सून. नात. चौघं. माना खाली. दार लावलेलं. घरात पाचवं माणूस नाही.

आजोबांचा फोन आत राहिला होता. ताटाशेजारी, फळीवर.

बंद दाराआड ते जुनं गाणं वाजायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला तिच्या फोनमधली नोंद दाखवली. म्हणून हे मी ऐकीव सांगत नाही. 'गिल आजोबा. आठ बत्तीस. दोन मिनिटं अकरा सेकंद.' ती नोंद तिने अजून पुसलेली नाही. त्या दोन मिनिटांत काय झालं, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. फक्त पहिला सेकंद तिने सांगितला.

तिसरी रिंग.

इन-होचा हात दाराकडे गेला. आजोबांनी त्याचं मनगट धरलं.

चौथी.

ओसरीवर कोणी हललं नाही. चौघांचे आठही हात तिला दिसत होते. रिकामे.

पाचवी रिंग... अर्ध्यात थांबली.

गाणं बंद.

टेबलावरच्या फोनवर सेकंद मोजायला लागले. एक...

"आजोबा?" ती म्हणाली.

पलीकडे कोणीतरी, सावकाश, पितळी वाटीला किंचित वाजवत, चमचा खाली ठेवला.